खान्देशात शाळा उन्हात भरवायची ती हिवाळ्यातच

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा उघडतात तोवर खान्देशातली हवा पालटलेली असते. पंखे बंद होतात, गोधड्या बाहेर निघतात, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा किती उतरला याची बातमी रोज पेपरात यायला लागते. आणि याच सुमारास जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडची माणसं वावराची वाट धरतात. बँकेतले, कचेरीतले, दुकानदार, पुढारी, सगळेच. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात भरताची वांगी भाजायची, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर तिथंच बांधावर बसून खायची. हिवाळा हा बाहेर बसायचा काळ आहे, हे इथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक आहे. शाळेच्या वेळापत्रकाला तेवढं ते कोणी सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना उघड्यावर, झाडाखाली, बांधावर, नाल्याकाठी शिकवायचं असेल, तर खान्देशात त्याचा हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र एवढाच आहे. तो हंगाम आपण दरवर्षी वर्गात कोंडून घालवतो.

वर्षाचा हिशेब मांडून बघा. जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि पाऊस लागतो. इथली काळी माती एकदा भिजली की चप्पल हातात घेऊनच चालावं लागतं. भादव्यात गवत कमरेइतकं, त्यात काय दडलंय ते दिसत नाही. ऑक्टोबरचं ऊन तर चटके देतंच. मार्च लागला की सकाळची शाळा, आणि एप्रिल-मे मध्ये भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या मे महिन्यात आपल्या शहरांतून मुलांची 'निसर्ग शिबिरं' भरतात, हे मला कधीच उमगलेलं नाही. पुण्याचं कॅलेंडर जसंच्या तसं उचललं की असं होतं. उरतात हिवाळ्याचे मोजके आठवडे. त्यात शिष्यवृत्तीचे जादा तास असतात, गॅदरिंगच्या नाचांचा सराव असतो आणि एक सहल असते. ती बहुधा रात्रीच्या बसनं निघते, कुठल्या तरी वॉटर पार्कला जाते, आणि पोरं परतीच्या वाटेवर पेंगतात.

युरोपात गोष्ट उलटी आहे. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला 1904 साली पाइनच्या रानात शाळा सुरू झाली ती अशक्त, क्षयाच्या छायेतल्या मुलांसाठी. आज डेन्मार्क-नॉर्वेतली बालवाडीची मुलं बर्फातही दिवसाचे तास न् तास बाहेर काढतात. तिकडं हिवाळा जवळ आला की पालकांना घोर लागतो: लोकरीचे किती थर घालायचे, बूट आतून ओले झाले तर काय, अंधार लवकर पडतो त्याचं काय. त्यांच्या वर्षातला सगळ्यात अवघड काळ तो आपला सगळ्यात सोपा काळ आहे. डिसेंबरात दुपारी बारा वाजता जळगावात उन्हात बसायला पैसे पडत नाहीत. तरीही 'निसर्गशाळा' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं शहराबाहेरचं एखादं टुमदार आवार, मातीत खेळायचा ठरवून दिलेला वार आणि त्याची वार्षिक फी येते. ज्यांच्या गावात मातीच माती आहे ती मुलं फळ्याकडं तोंड करून बसलेली, आणि ज्यांच्याकडं पैसा आहे ती माती विकत घेतायत. मराठी मुलखाला हे शोभत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती. गुरं राखणारं पोर शाळेत येऊ शकत नाही ना, मग शाळा कुरणात जाईल, इतका तो साधा विचार होता.

बाहेर नेऊन शिकवायचं काय, हा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो रास्त आहे. 'निसर्गाशी नातं' वगैरे भाषणातले शब्द मलाही नकोत. एकच उदाहरण घेतो, पण नीट घेतो.

21 किंवा 22 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, शाळेच्या पटांगणात एक मीटर लांबीची सरळ काठी रोवायची. ती ओळंब्यात आहे ना, हे दोऱ्याला दगड बांधून पाहायचं. गवंड्याच्या घरचं पोर वर्गात असेल तर हे काम त्याच्याकडं द्यावं, ते मास्तरांना शिकवेल. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करत जायचं. सावली आखडत जाते, मग एका ठिकाणी थबकल्यासारखी होते आणि पुन्हा लांबायला लागते. सगळ्यात आखूड सावली मोजायची. जळगावात ती 98 सेंटीमीटरच्या आसपास भरते, नंदुरबारला 99. म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. खान्देश 21 अंश अक्षवृत्ताच्या आगेमागे आहे आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. दोन्हींची बेरीज साडेचव्वेचाळीस. तेवढा सूर्य डोक्यावरून कललेला, म्हणून क्षितिजापासून तो साधारण पंचेचाळीस अंशांवर येतो. काठी, सावली आणि सावलीच्या टोकापासून काठीच्या शेंड्यापर्यंत ताणलेला दोरा मिळून समद्विभुज काटकोन त्रिकोण होतो. तो पुस्तकात काळ्या रेघांचा असतो. इथं त्याच्या एका बाजूवर पोरगं उभं राहू शकतं.

हीच काठी त्याच दिवशी पुण्यात रोवली तर सावली 90 सेंटीमीटर भरेल. काठीएवढी सावली हे खान्देशाचं आपलं माप आहे, आणि राज्यभरासाठी एकच छापलेलं पुस्तक ते सांगू शकणार नाही. बरं, सगळ्यात आखूड सावली घड्याळात बाराला पडतच नाही. ती जळगावात बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या आगेमागे पडते. मुलं आधी म्हणतात, सर, तुमचं घड्याळ पुढं आहे. मग रेखांश काढायचे. भारताची घड्याळं साडेब्याऐंशी अंशांवर लावलेली, आपण साडेपंचाहत्तरवर, सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. भूगोलाचा जो धडा पोरं घोकून विसरतात तो अर्ध्या तासात समोर उभा राहतो. सावली अजिबात नाहीशी होण्याचा दिवस जळगावात मेच्या अखेरीस येतो. तेव्हा शाळेला कुलूप असतं आणि पटांगणात पाय ठेववत नाही. शाळेच्या वाट्याला येते ती डिसेंबरचीच सावली.

आणि हे कुठं करायचं, तर त्या मुलखात जिथं चाळीसगावजवळच्या पाटणला 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याला दान मिळालं, त्याची ती नोंद. आठशे वर्षांपूर्वी ज्या भागात ज्योतिष-गणिताची पाठशाळा चालली, तिथल्या शाळांच्या सहली आज पाटणादेवीला जातात, देवीचं दर्शन घेतात, धबधब्यापाशी फोटो काढतात आणि डबा खाऊन परततात. सोबत एक काठी न्यायला काय हरकत आहे?

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप आयांकडून येतो, बांधावर उभं राहून येतो, आणि त्याला उडवून लावणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांचा मला राग येतो. 'वावरमाच राबानं व्हतं ते पोऱ्याले शाळामा कसाले धाडं?' म्हणजे, शेतातच राबायचं होतं तर पोराला शाळेत कशाला धाडलं? ज्या घरानं तीन पिढ्या उन्हात काढल्या त्यांना सावलीतली, बाकावरची, पंख्याखालची शाळा हीच प्रगती वाटते. त्यात चूक काहीच नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींचा नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकवण्याचा, विचार मांडला गेला तेव्हाही अशीच शंका घेतली गेली: हातकाम गरिबांच्या पोरांना आणि पुस्तकं साहेबांच्या पोरांना, असं तर होणार नाही ना? शंका अजून जिवंत आहे, कारण 'अनुभवातून शिक्षण' या नावाखाली शाळेच्या बागेला पाणी घालायला, पटांगण झाडायला पोरांनाच लावणाऱ्या शाळा अजून आहेत. शिवाय दिवाळीनंतर कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, तेव्हा वर्गातली हजेरी गळते ती कुठं जाते हे सगळ्या गावाला माहीत असतं.

म्हणून माझी पहिली अट अशी की शाळेच्या वेळात मुलांनी बाहेर जाऊन कुठलंही उपयोगाचं काम करायचं नाही. वेचणी नाही, निंदणी नाही, पाणी भरणं नाही. बाहेर जायचं ते बघायला, मोजायला, चितारायला, विचारायला आणि लिहायला. त्याच वावरात, पण मजूर म्हणून नाही.

फरक काय पडतो ते कपाशीतच दिसतं. डिसेंबरात झाडाखाली पडलेली किडकी बोंडं उचलून आणायची आणि शाळेच्या ओट्यावर ती फोडायची. काहींत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी सापडते. वेचणीला गेलेल्या मुलीला ही अळी नवी नाही. तिला 'डोमकळी'ही माहीत असते, म्हणजे पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेलं ते फूल. पण मिटलेलं फूल आणि किडकं बोंड ही एकाच अळीची कामं आहेत, हे तिला सहसा कोणी सांगितलेलं नसतं. शंभर बोंडं फोडून किती किडकी निघाली ते मोजलं की तिला शेकडेवारी कळते. पतंग कुठं अंडी घालतो, अळी कुठं दडते, कोष कुठं होतो हे चितारलं की जीवनचक्र कळतं. आणि फरदड, म्हणजे वेचणी झालेली कपाशी तशीच ठेवून घेतलेलं दुसरं पीक, घेऊ नका असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी का ओरडतं, तेही कळतं: उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीत अळीला पुढचा हंगाम येईपर्यंत घर मिळतं. ती मुलगी हे घरी जाऊन बापाला सांगेल. बाप ऐकेल का? मला शंका आहे. फरदडीचे चार पैसे कोणाला नकोत! पण घरात त्यावर बोलणं तरी होईल.

जवळचं नीट न बघण्याची किंमत पक्षिशास्त्रालाही मोजावी लागलेली आहे. रानपिंगळा हा दिवसाही हिंडणारा छोटा पिंगळा. 1884 नंतर शास्त्रज्ञांच्या लेखी तो नाहीसाच झाला होता. एका इंग्रज संग्राहकानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर गुजरातची खोटी नोंद चिकटवली होती, आणि त्या नोंदीवर विसंबून शोधणारे चुकीच्या जागी हिंडले. शेवटी 1997 च्या नोव्हेंबरात तो सापडला आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, 113 वर्षांनी. आज शहादा-तळोद्याच्या किती शाळांच्या भिंतींवर रानपिंगळा रंगवलेला आहे? पेंग्विन हमखास असतो. याच दिवसांत हतनूर धरणाच्या पाण्यावर चक्रवाक आणि थापट्या उतरलेले असतात, ज्वारीच्या वावरांवर भोरड्यांचे थवे येतात. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, राखायला बसणारं पोर या भोरड्यांना गोफणीनं हाकलतं, पण त्या कुठून आल्या हे त्याला शाळेनं विचारलेलं नसतं.

थंडीचं म्हणाल तर ती सगळ्यांना सारखी लागत नाही. सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडं दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण शहरात मोबाइलवर ते फोटो कौतुकानं पुढं पाठवतो. त्याच पहाटे आश्रमशाळेतलं पोर गार पाण्यानं अंघोळ करत असतं. सरकारी योजनेतून शाळेत दोन गणवेश मिळतात, स्वेटर त्यात नसतो. त्यामुळं पोरांना पहाटे धुक्यात नेऊन 'निसर्गाचा अनुभव' देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ज्यांच्या अंगावर जाकीट आहे त्यांना ते सुचतं. बाहेर जायचं ते अकरानंतर, ऊन अंगाला लागायला लागल्यावर. 'कोवळं ऊन चांगलं' हा समजही इथं थोडा बाजूला ठेवावा लागेल. सूर्य खाली असताना त्याच्या किरणांतून ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही, ते होतं दुपारच्या उन्हात, आणि इथलं हिवाळ्यातलं दुपारचं ऊन सोसतं. सर्दी-खोकल्याच्या भीतीनं खिडक्या लावून साठ पोरं एका खोलीत बसवली की विषाणूंची चंगळ होते. मोकळ्या हवेत ते इतक्या सहज पसरत नाहीत.

डोळ्यांचीही एक गोष्ट आहे. चीनमधल्या ग्वांगझोऊत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं. 2015 साली निष्कर्ष आले: बाहेर जाणाऱ्या गटात सुमारे 30 टक्के मुलांना लघुदृष्टिदोष झाला, दुसऱ्या गटात सुमारे 40 टक्के मुलांना. फरक डोळे दिपवणारा नाही, पण चाळीस मिनिटांना खर्च काय येतो? जळगाव-धुळ्यातल्या ज्या मुलांचा दिवस शाळा, ट्यूशन आणि मोबाइल यांतच संपतो त्यांच्या आईबापांनी यावर विचार करायला हवा.

भीती मात्र खरी आहे. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, त्यानंतर गिरणाकाठच्या आयांना 'मुलांना रानात नेतो' म्हणून सांगून बघा. म्हणून मी रानात न्या म्हणतच नाही. शाळेपासून पायी दहा मिनिटांत जाता येईल एवढीच हद्द ठेवावी. केळीच्या आणि उसाच्या दाट मळ्यात शिरायचं नाही, धरणाच्या काठाला एकट्या शिक्षकानं न्यायचं नाही, आणि हरभऱ्यावर-तुरीवर फवारणी कधी झाली हे मालकाला विचारल्याशिवाय वावरात पाय ठेवायचा नाही. थंडीत साप नसतात या भरवशावरही राहू नये. बाकीचे साप मंदावतात, पण घोणस याच दिवसांत उन्हाला येऊन पडलेली सापडते. हे मुलांना शिकवणं हाही परिसर अभ्यासच. सर्वोच्च न्यायालयानं 2003 साली पर्यावरण हा विषय सक्तीचा केला, त्यात घोणस ओळखणं बसायला हवं.

दोन शिक्षकी शाळेचं काय, असं शिक्षक विचारतील. चार इयत्ता, दोन माणसं, त्यातला एक कायम कुठल्या तरी ऑनलाइन माहितीत किंवा मतदार यादीत अडकलेला. मला वाटतं, अशा शाळेलाच हे सोपं जाईल. खोलीत चार इयत्तांना चार धडे लागतात. काठीच्या सावलीपाशी पहिलीचं पोर आखूड-लांब सांगतं, तिसरीचं सेंटीमीटर मोजतं, चौथीचं तक्ता भरतं, आणि मोठं धाकट्याला शिकवतं. जिथं अडचण आहे ती शहरातल्या सत्तरच्या वर्गात. तिथं उत्तर माझ्याकडंही तयार नाही. निम्मा वर्ग आत, निम्मा बाहेर असं काही तरी करून बघावं लागेल.

मग मागायचं काय? नवी योजना, नवा निधी, नवं ॲप यांतलं काहीच नको. शनिवार द्या. जिल्हा परिषदेच्या शाळांना शनिवारी सकाळची अर्धी शाळा असते. डिसेंबर-जानेवारीत त्या सकाळी पोरं गारठलेली येतात आणि ऊन चढतं तोवर घरी जातात. 2024 पासून तर पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. त्याच वर्षी चौथीपर्यंतची शाळा नऊनंतर भरवावी असंही सरकारनं ठरवलं. सहावी ते आठवीला 2020 च्या धोरणानं दप्तराविना दहा दिवस दिलेलेच आहेत. म्हणजे कागद सगळे तयार आहेत. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांनी एवढंच करावं: दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत शनिवारची शाळा अकरा ते अडीच भरवावी आणि त्यातले निदान दोन तास छपराबाहेर घ्यावेत.

याला विरोध कुठून होईल हेही मला माहीत आहे. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांचा शनिवार दुपारचा वेळ जाईल. दुपारची गाडी धरून गावी जाणाऱ्यांना ते जड जाईल, आणि त्यांना कामचुकार म्हणून हे सुटणार नाही. त्यांच्या संघटनांशी बसून, बदल्यात दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी लवकर सोडण्याची तडजोड करता येईल. उन्हाळ्यात सकाळची शाळा करताना वेळा बदलतातच की.

राहिले तपासणीला येणारे साहेब. शनिवारी साडेबाराला गाडीतून उतरल्यावर वर्ग रिकामे दिसले की पहिला प्रश्न येतो, तासिका कुठं आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास लिहिलेले आहेत. इमारत हवी, प्रत्येक शिक्षकामागे खोली हवी, हेही आहे. पण ते तास खोलीतच भरले पाहिजेत असं त्यात कुठंच नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं एवढा एक खुलासा लेखी काढला, त्याची प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या फाइलीत लागली, तर मुख्याध्यापक काठी रोवायला घाबरणार नाहीत. आणि आलेल्या साहेबांनाही सावलीची एक खूण करायला पोरं खडू देतील.